मामाची पिवळी साडी आणि विमान कंपनी

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
इंदूरहून विमानानं आलो. सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, सगळे गेले, माझी बॅग नाही. चिडलो नाही. बॅगेत भाची दीक्षाची पिवळी साडी. मामाची साडी नेसल्याशिवाय आमच्यात मुलगी बोहल्यावर चढत नाही. लग्न बारा तारखेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तक्रार लिहून द्या. म्हटलं, मी वाशी मार्केटचा कांदा-बटाटेवाला, आमच्यात शब्द चालतो. घरी आलो तर उज्वला म्हणाली, दुसरी घेऊन ठेवते. बायकोचा विमान कंपन्यांवर विश्वासच नाही. उद्या सकाळी माफी मागत उलव्याला घरी बॅग आणून देतील.

९ फेब्रुवारी
आणली नाही. फोन केला तर तक्रार नंबर विचारतात. विमानतळावर जाऊन लिहून दिली, पण स्वतःहून. बॅग हरवो, उशिरा येवो, मोडो, जबाबदारी कंपनीची. माफीनामा घेऊन गाळ्यात फ्रेम करून लावणार. जागा बघून खिळा ठोकला.

१० फेब्रुवारी
बॅग इंदूरलाच! टॅगवर काळी शाई, मशीनला वाचता येईना म्हणे. शाई असणारच. तिथल्या मशीनमधून टॅग निघाला तर नुसत्या रेघा. माणसानं ओळखायचं कसं? म्हणून त्यावर मार्करनं आमच्या गाळ्याचा मार्का काढला. ठसठशीत ‘हौ’, हौसेरावचा. याच मार्क्यावर आग्र्याहून बटाट्याच्या गोणी बिनचूक येतात. फोनवरच्या मुलीला म्हटलं, मशीनला चष्मा लावा. तिनं फोन ठेवला. पटलं असणार.

११ फेब्रुवारी, हळद
बहीण जयमाला सारखी विचारतेय, दादा, साडी? म्हटलं, इस्त्रीला दिलीय. कंपनी घाबरलीय, आज नक्की. उज्वला अजिबात टेन्शनमध्ये दिसत नाही. नवऱ्यावर विश्वास, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी
मुहूर्ताच्या तोंडावर हॉलच्या दारात बॅग हजर! एक चाक तुटलेलं. त्यांना नंतर बघतो. साडी काढून नवरीच्या खोलीकडे धावलो. दीक्षा पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून तयार. जयमाला पाहुण्यांना सांगत होती, आमच्या दादाची निवड! मी मान डोलावली आणि हातातली साडी पाठीमागे धरली. दीक्षा पाया पडली. हळूच म्हणाली, मस्त आहे ना मामा? आठ तारखेला रात्रीच मामीबरोबर वाशीला जाऊन मीच निवडली, तुम्ही टेन्शन घेऊ नका.
रडू आलं. सगळ्यांना वाटलं, भाची सासरी चालली म्हणून.