हंगामी तिकीट

२ सप्टेंबर २०१७, शनिवार

फुटबॉल स्टेडियमवरच्या चहाबद्दल इथे अधिकृत निषेध नोंदवतो. सरावाचा सामना, खेळाडू निम्मे, आणि चहाचा पेला आचमनाच्या पळीएवढा! केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः — तीन घोटांत विधी आटोपला. चौथ्या नामाला पेल्यात नुसती साखर. दिल्लीत सव्वीस वर्षं मराठी पेपरासाठी बातमीदारी केली, एवढी आखूड बातमीही कधी दिली नाही.

वृंदा म्हणाली, "बाबा, चहा सोड, कॉर्नर बघ!"

बघितला.

४ सप्टेंबर

आमच्या क्लबच्या नव्या मालकांचं हंगामी तिकिटांबद्दल पत्र आलं. सुरुवात — "प्रिय परिवार". गृहस्थ गुरुग्रामला इमारती बांधतात, त्यामुळे माणसांचीही मजलेवार विभागणी केली आहे. अठराच्या आतल्यांना सवलत फक्त गोलपोस्टमागच्या 'युवा कक्षात', आणि तिथे मोठ्यांना बंदी. मोठ्यांनी पूर्व स्टँडमध्ये बसायचं, दुप्पट दराने. वृंदा सतरा वर्षांची. म्हणजे ती तिकडे, मी इकडे, मध्ये बावीस खेळाडू. वसुधैव कुटुम्बकम् — बापलेक सोडून.

दोघांची पूर्ण दराची तिकिटं? माझ्या बायकोने, हेमलताने, आकडा ऐकला आणि नुसता चष्मा काढला.

मला माझी खुर्ची वृंदाच्याच शेजारी हवी आहे. घरी ती कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून वावरते. स्टेडियमवर मात्र नव्वद मिनिटं अखंड बोलते. आणि चक्क मराठीत — रेफ्रीला कळू नये म्हणून!

७ सप्टेंबर

हेमलता : "अहो, सोफ्यावर बसा की शेजारी. फुकट आहे."

१० सप्टेंबर, रविवार

चाहत्यांची सभा करोल बागेत, श्यामच्या दुकानाच्या माडीवर. खाली गाड्यांचे सायलेन्सर, वर आम्ही. श्याम आमचा अध्यक्ष, कारण ढोल त्याचा आहे. "पंडितजी, चिट्ठी आप लिखो. आप तो संस्कृत वाले हो!" दोन श्लोक म्हटले की इथे माणूस पंडित होतो.

लिहिली. क्लबच्या नावे, शुद्ध, विनम्र हिंदीत : 'हम तीन सौ हंगामी दर्शक शनिवार को पूर्व स्टँड में एकत्र होंगे. हमें हंगामी टिकट पुराने दाम पर चाहिए. हंगामी हमारी परंपरा है.'

श्यामने मोठ्याने वाचली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग टाळ्या. "वाह पंडितजी! दम है!" वाटलं, भाषा आवडली. त्याने शेवटचं वाक्य कापडी फलकावरही रंगवायला दिलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

हसून हसून बरगड्या दुखताहेत. क्रमाने लिहितो.

पूर्व स्टँडच्या दारात पोलिसांच्या दोन गाड्या. फौजदाराच्या हातात क्लबने दिलेलं माझं पत्र. "ये हंगामा कौन करने वाला है?"

मी पुढे झालो. "हंगामा नहीं जी, हंगामी."

"वही तो पूछ रहा हूँ!"

मी म्हटलं, आम्ही तर दरवर्षी हंगामी असतो. त्याने शिपायाला जवळ बोलावलं. मागे श्यामने फलक उलगडला — हंगामी हमारी परंपरा है!

वृंदाने पत्र वाचलं आणि तिथेच पायरीवर बसली. हसू आवरेना. "बाबा! तू सीझन तिकिटाला दंग्याचं तिकीट म्हणालायस! क्लबला लिहिलंयस की तीनशे दंगेखोर येतायत!" मग फौजदाराला, तिच्या झकास दिल्लीच्या हिंदीत : "सर, मराठी में हंगाम मतलब सीज़न. इनको माफ कर दो, ये घर पे भी ऐसे ही हैं."

"मतलब आम का भी हंगाम होता है?"

"होता है, सर."

फौजदार असा हसला की टोपी सावरावी लागली. इतक्यात क्लबचे व्यवस्थापक धावत आले, घामाने डबडबलेले. तीनशे 'दंगेखोर' रांगेत उभे, निम्म्यांच्या हातात पराठ्यांचे डबे! वृंदाने त्यांनाही सोडलं नाही. "सर, मैं वहाँ बैठूँगी तो मेरे बाबा को ऑफसाइड कौन समझाएगा?" फौजदार म्हणाला, "बच्ची ठीक कह रही है." व्यवस्थापकांनी मान डोलावली. मालकांच्या कानावर घालतो म्हणाले.

सामनाभर सगळा स्टँड ओरडत होता — हंगामी! हंगामी! श्यामचा ढोल फाटला. आपण २-० हरलो. कोणाला काही वाटलं नाही.

१९ सप्टेंबर

पत्र आलं! पालकासोबत असेल तर सवलत कुठल्याही स्टँडमध्ये. दरवाढही निम्मी मागे. श्यामचा फोन — "पंडितजी, अगला आंदोलन किस भाषा में?" वृंदाने माझा हात धरून स्वयंपाकघरात एक फेरी नाचवली. गुडघ्याने तक्रार केली, फेटाळली.

हेमलताने जिलबी आणली. "अभिनंदन, हंगामी बाबा! आमच्या ऑफिसात हंगामी म्हणजे कधीही कमी करता येतो असा."

२१ सप्टेंबर

तिकिटं आली. शेजारशेजारची.

संध्याकाळी वृंदाने बारावीनंतरच्या कॉलेजांची यादी दाखवली. पुणे, बंगळूर, मणिपाल. दिल्लीचं एकही नाही. "छान आहे," म्हणालो. ती शिकायला गेल्यावर फोनवर आम्ही काय बोलणार, ते मला सुचत नाही. भीती वाटते.