पार्लरच्या दारातले मामाजी

राजापेठ, अमरावती
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. सौ. शालूताई यांना,

बार्शीटाकळीच्या दिशेने तोंड करून रागिणीचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि नवी म्हैस अजून लाथा झाडते का, हे दोन्ही सवडीने कळवावे. इकडे सगळे बरे आहेत. (तुमचे बाबा, म्हणजे माझे मामाजी, तर फारच बरे आहेत. ते पुढे येईलच.) फोन सोडून पत्र लिहायचे कारण एवढेच की मामाजींना कमी ऐकू येते म्हणून आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो, आणि स्पीकरवर आला की त्यांना सगळे ऐकू येते.

तर ताई, समोरच्या खोलीत मी ब्युटी पार्लर काढले हे तुम्हाला माहीत आहेच. आरसा आला, मागे रेलणारी खुर्ची आली, पाटी लागली. तुमच्या भावाने मात्र अट घातली आहे की तुळशीच्या लग्नापर्यंत दोन नवरीमुलींचा मेकअप ठरला नाही, तर खोली गणिताच्या क्लासवाल्याला द्यायची. (तो माणूस येता-जाता भिंतीकडे बघतो. फळा कुठे लावायचा हे त्याचे ठरलेले आहे.) कोर्समध्ये मला थ्रेडिंग, फेशियल, ब्लीच सगळे शिकवले, पण दारात बसलेल्या सासऱ्यांचे काय करायचे हे कोणी शिकवले नाही.

खोलीला दार एकच, आणि त्या दारात मामाजींची खुर्ची. पोस्टमनची नोकरी सुटून इतकी वर्षे झाली, पण माणसाला पत्त्यावर पोचवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बाई आली की आधी "कोनाची वं तू?" मग तिची गल्ली, तिचे घर, आणि त्या घरातले कुत्रे चावरे होते की नाही. (घरे त्यांच्या डोक्यात कुत्र्यांवरून लागलेली आहेत.) परवा एक बाई मला आपले वय बत्तीस सांगत होती. मामाजी बाहेरून म्हणाले की तुझ्या जन्माची तार मीच पोचवली, त्या साली पोळ्याला पूर आला होता. पुराचे साल आमच्या शेजारणीला पाठ निघाले. ती गिऱ्हाईक पुन्हा दिसली नाही. घरच्यांना न सांगता केस कापायला येणाऱ्या मुली तर आता कोपऱ्यावरूनच वळतात, कारण मामाजी संध्याकाळी फिरायला जातात आणि जाता-जाता त्यांच्या वडिलांना ख्यालीखुशाली सांगतात.

काल मात्र कहर झाला. परतवाड्याहून प्रतीक्षा नावाची मुलगी आईबरोबर आली, लग्नाच्या मेकअपची ट्रायल घ्यायला. माझी पहिली नवरी. आईचे माहेर इथलेच, तेव्हा माहेरवाशीण म्हणून मी तिलाही बसवले आणि तोंडाला ब्लीच लावले. एवढ्यात मामाजी दारातून डोकावले, तिला ओळखले, आणि आनंदाने म्हणाले, "तू त तानुबाईची लेक. दर शुक्रवारी अकोल्याहून निळं पाकीट ये तुह्या नावाचं."

प्रतीक्षाने आईकडे पाहिले. आई उठली आणि तोंडाला ब्लीच तसेच ठेवून, मुलीला घेऊन रिक्षात बसली. माझा टॉवेलही गेला. मामाजी मला विचारतात, बाई चहा न घेता काहून गेली?

मी आत जाऊन रडले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला जपून.

तुमची वहिनी,
रागिणी

ता. क. खरे काम हे की तुळशीच्या लग्नापर्यंत बाबांना तुमच्याकडे न्या. हवापालट म्हणा, म्हैस दाखवायची आहे म्हणा, काहीही म्हणा. खुर्चीसकट न्या.

ता. क. दुसरा. पत्र कालच टाकायचे राहिले, बरे झाले. आज सकाळी ती बाई एकटीच आली, टॉवेल धुऊन घेऊन. माझ्याकडे न येता मामाजींच्या पुढ्यात बसली. म्हणाली, "बाबा, माह्या लग्नानंतर आलं होतं का एखादं?"

"तीन आले. म्या परत धाडले."

"काहून?"

"नाव तुहं होतं अन् घरात तू नोती. तुह्या बापाच्या हाती कसं देऊ?"

बाईने चहा मागितला, तो घेतला, आणि आत येऊन प्रतीक्षाचा मेकअप ठरवला. त्याच मांडवात पुतणीचेही लग्न आहे, तिचाही ठरवला. दोन झाल्या, ताई. बाबांना न्यायला येऊ नका.

ता. क. तिसरा. पाकीट टाकायला मामाजींकडेच दिले. त्यांनी ते तळहातावर तोलले आणि म्हणाले, "दोन तिकिटं लागतीन. माह्यावरचं पान काढलं त एकात जाईन." म्हणून पाकीट पुन्हा उघडून हे लिहिते आहे. पान मी काढलेले नाही. दुसरे तिकीट त्यांनीच आपल्या जुन्या डबीतून दिले.