बिस्किटाएवढी पापलेटं

वर्सोवा, शुक्रवार, नोव्हेंबर १९८४

आज पुन्हा धाकट्या दिरांनी बिस्किटाएवढी पापलेटं आणली. टोपलीभर! पिल्लं किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात वाढतात, मोठी झाली की खोल समुद्रात जातात, हे कोळ्याच्या पोराला मी शिकवायचं? बारीक जाळ्याने पिल्लंच उपसली, मग आमच्या ह्यांच्या बोटीला खोलात काय मिळणार? दगड? मी बोलले, तर म्हणाले, "वहिनी, तू तुझी चूल बघ."

बघते ना. परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा, जेवण माझ्याकडे. व्याही मढचे बोटवाले. त्यांना पानभर पापलेट वाढीन. शेजारी बसलेल्या दिरांना तीच बिस्किटं. व्याह्यांनी विचारू दे फक्त. सांगेन, "तुमचं बाजारातून आणलं. आमच्या भावजींना एवढीच गावतात."