दोन केंद्रकं, एक पेशी

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल लिहिलेलं चूक आहे. धिंगरी मशरूमच्या दोन बीजाणूंचे धागे भेटले की त्यांची केंद्रकं लगेच एक होतात, असं मी लिहिलं. होत नाहीत. आज पुस्तक उघडून पाहिलं. एकाच पेशीत दोघं शेजारी शेजारी राहतात, वेगवेगळी. धागा वाढला की एकाच वेळी दुभंगतात, पुन्हा शेजारी. एक होतात ती अगदी शेवटी, छत्रीखालच्या पडद्यांत — आणि झाली की लगेच विभागणी. चार नवे बीजाणू, ज्याची वाट त्याला.

नुसतं लिहिलं असतं तर खोडलं असतं. पण काल वडपे गावची मंडळी मला बघायला आली होती आणि हेच मी त्यांना आमच्या मशरूमच्या खोलीत उभं राहून, बोट दाखवून सांगितलं. मुलाची आई केवढी खूश. "म्हंजे तूपण अशीच मिसळून जाशील आमच्यात." मी मान डोलावली.

मी चुकतेय याचा पुरावा समोरच होता. खोली भरलेली दिसावी म्हणून बाबांनी दोन दिवस तोडूच दिलं नव्हतं. छत्र्या उलटल्या, बीजाणू उडाले. मुलगा, कुणाल, सारखा खोकत होता, काळ्या शर्टावर पांढरी भुकटी. त्याच्या आईला वाटलं, माझी पावडर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

होकार आला. साखरपुडा रविवारी. बाबा म्हणाले, "लग्नानंतर खोली बंद करायची म्हणतात. तूच म्हणालीस ना, मिसळते म्हणून."

मशरूमबद्दल म्हणाले होते, बाबा. हे मनातच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गोदूआत्याला सांगितलं. शाळेच्या आधी अक्षरं तिनंच गिरवून घेतली माझ्याकडून. चुकलं की पुसायचं, रडायचं नाही.

"मंग पूस ना गो."

"आत्या, लग्न मोडेल."

"मशरूमपायी लगीन मोडनारी अंजूर गावात तू पयलीच." पोट धरून हसली. मग म्हणाली, "पन चुकीचं सांगून करू नको."

कुणालला फोन केला. आधी चूक सांगितली.

"एवढ्यासाठी फोन केलास?"

"एवढ्यासाठीच." मग म्हटलं, खोली मी चालू ठेवणार. राहू एकाच घरात — दोन्ही केंद्रकं शाबूत.

तो हसला. छान हसतो, हेही लिहायला हवं. "मला चालेल, दिपाली. आईला विचारून सांगतो."

गुरुवार, २० फेब्रुवारी

कुणालचा फोन. "आई नाही म्हणते."

"आणि तू?"

"मी काय आईपेक्षा वेगळा आहे?"

म्हणजे त्या घरात मिसळून आधीच कुणीतरी गेलंय. उद्या, शुक्रवार, २१ फेब्रुवारी — सकाळची तोडणी उरकली की वडप्याला जाऊन नकार मी स्वतः सांगणार.