गाडीवानाचं काम

४ मार्च

मिळालं! नाटकातलं मुख्य काम मला मिळालं!

दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होते, तेवढ्यात सरांचा फोन. सर म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचे सर्वेसर्वा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, आता आम्हाला छळतात. म्हणाले, "उभ्या आहात ना? मग आधी बसा." ज्या बाई विधवेचं काम करणार होत्या त्यांची बदली झाली म्हणे. "आता तुम्हीच!"

मी! आजवर या मंडळात मी केलं काय? पडदा ओढला. एकदा "चहा आणू का, बाईसाहेब?" असं विचारून आत गेले, ती नाटक संपेपर्यंत परत आलेच नाही. आणि आता एकदम विधवा!

घरात पाऊल टाकल्या टाकल्या ओरडले, "अहो, मी विधवा झाले!"

ह्यांनी पेपर खाली केला. "मला आधी कळवायचं तरी!"

सासूबाई हसता हसता खोकायला लागल्या. पाणी द्यावं लागलं.

६ मार्च

सरांनी हे नाटक एका जुन्या कादंबरीवरून बेतलंय. परदेशातली, फार पूर्वीच्या काळातली. काम करायचं तर पुस्तक वाचायलाच हवं, म्हणून मागून आणलं. उशीएवढं जाड! पण सोडवेना. पोळ्या करताना डब्याला टेकवून वाचलं. दोन पोळ्या करपल्या. त्या ह्यांना वाढल्या.

गोऱ्यांचं गाव. तिथे एक काळा गाडीवान. एके दिवशी गावातल्या बड्या व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार जळतं आणि आळ येतो गाडीवानावर. पण त्या वेळी तो विधवेच्या अंगणात गाडीचं चाक दुरुस्त करत होता. हे फक्त तिला माहीत. कोर्टात सांगायचं तर हेही सांगावं लागणार, की तिनं त्याला घरात बोलावून स्वतःच्या टेबलावर जेवायला वाढलं होतं. त्या गावात कोठार जाळण्यापेक्षा हे मोठं पाप! ती सांगते. सगळं सांगते. गाडीवान सुटतो, पण मग तिच्याकडे कपडे शिवायला टाकायचं गाव बंद करतं.

वाचता वाचता डोळे भरून आले. भाजीत मीठ दोनदा पडलं ते त्यामुळे.

जेवताना चर्चा. हे म्हणाले, "बाई खरी धीराची." सासूबाई म्हणाल्या, "मला तर तो गाडीवान धीराचा वाटतो. गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करतो असं सांगतात ना त्याला? तरी नाही म्हणतो. ती बाई बोलून घरी गेली. त्याला कुठे घर होतं जायला?"

मी माझ्या कामाची बाजू घेतली. साहजिकच!

९ मार्च

पहिली तालीम. आमच्या दुकानाच्या वरचा हॉल. दुकानही मालकांचं, हॉलही मालकांचाच. मंडळाला फुकट देतात आणि दर वेळी ते सांगतातही.

सरांनी कामं वाटली. गाडीवान — आमचा मेकॅनिक! हा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होता, वरून तालमीचे आवाज ऐकले आणि हातातला पाना घेऊन दारातच उभा राहिला, तेव्हापासून मंडळातच आहे. दुसऱ्या देशातून आलेला. रंगाने काळाभोर. आपली भाषा झकास बोलतो, फक्त "ळ" म्हणताना जीभ घसरते. सरांनी कागद त्याच्या हातात दिले, "गाडीवान तर आपल्याकडे तयारच आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

न्यायाधीश स्वतः सर. "चारच वाक्यं आहेत, शिवाय खुर्ची मिळते," म्हणाले.

मेकॅनिकने कोर्टातला प्रवेश वाचला. "मी केलेलं नाही, ते मी केलं असं म्हणणार नाही." साधंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. सर पान उलटायचंच विसरले.

१२ मार्च

आरशासमोर साक्ष दिली. हे दाढी करत होते. म्हणाले, "बाईसाहेब, साक्ष जरा बाजूला सरकून द्या."

१५ मार्च

मालक तालमीला आले. चहा प्यायले, पाय हलवत बसले, मग सरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, सगळ्यांना ऐकू येईल एवढंच!

"नायक बाहेरचा माणूस? लोक तिकीट काढून कुणाला बघायला येणार? आणि त्याला धड 'ळ' म्हणता येत नाही. आपला कॅशियर आहे की. देखणा आहे, आवाज आहे. रंग काय, बाजारात मिळतो!"

मंडळातला हा कॅशियर बँकेत असतो. इतका गोरा, की उन्हात गेला की टोमॅटो होतो. तो "अहो, मी कसा..." म्हणाला, पण डोळे चमकले त्याचे. कुणाचे चमकले नसते?

सर म्हणाले, "बघू." सरांचं "बघू" म्हणजे "हो".

मेकॅनिकला सांगितलं, तू दिवे बघ. तो म्हणाला, "ठीक आहे, सर." आणि कोर्टासाठी खुर्च्या लावायला लागला.

१७ मार्च

कॅशियर रंग लावून आला. अगदी बुटाला पॉलिश केल्यासारखा! हॉलमध्ये हसून हसून सगळ्यांचे हाल. चहा प्यायला तर ओठ गुलाबी. घाम आला तर मानेवरून ओघळ. मी साक्ष देताना त्याचा हात धरायचा असतो — माझी बाही काळी झाली. मीही हसले. पोट धरून हसले.

आणि मग कोपऱ्यात लक्ष गेलं. मेकॅनिक वायरीचं वेटोळं करत होता. तो हसत नव्हता. रागावलाही नव्हता. नुसतं वेटोळं. नीट, एकावर एक.

पुढचं वाक्य माझं होतं. "मी जे पाहिलं ते सांगणार, मग गावाला आवडो न आवडो." निघेना तोंडातून. सर म्हणाले, "विसरलात?" मी म्हटलं, "हो."

विसरले नव्हते.

१८ मार्च

बाही घासली. डाग जात नाही. साबण बदलून पाहिला.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मालकांसमोर बोललीस तर नोकरी जाईल."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय! कोर्टात उभी राहून खरं बोलायचं सोंग करायचं, आणि शेजारी हा असा रंगवलेला? मला नाही जमायचं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बोल गं तू. फार तर काय होईल? चार दिवस घरी बसशील. माझ्याशी पत्ते खेळशील."

हे म्हणाले, "आई, तिला हरवायला तुला तेवढंच निमित्त!" पण हसले. मग मला म्हणाले, "बोल. मी आहे."

ह्यांना आता करपलेली पोळी कधी वाढणार नाही. शक्यतो.

२० मार्च

बोलले!!

विधवेसारखं नाही बोलता आलं. ती केवढी शांत, ताठ! माझा आवाज बकरीसारखा निघाला. तालीम सुरू व्हायची होती. मालक पहिल्या रांगेत. मी म्हटलं, "मी या रंगवलेल्या गाडीवानाबरोबर काम करणार नाही."

सर म्हणाले, "म्हणजे? रंग बदलायचा का? चांगल्या प्रतीचा आणू."

"नाही सर. माणूस बदलायचा. जो आधी होता तो आणायचा. आपण नाटक कशावर करतोय? माणसाच्या कातडीवरून त्याला बाजूला सारलं, त्यावर! आणि इथे आपण काय केलं? त्याला बाजूला सारलं आणि दिव्यांपाशी नेऊन बसवलं!"

मालक उठले. "हे बघा बाई, हॉल माझा आहे."

"हो. दुकानही तुमचंच आहे."

हे कसं निघालं तोंडातून, देव जाणे. मालकांचा चेहरा लाल. "उद्या दुकानात यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!" आणि गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत होता.

मेकॅनिक शिडीवर होता. तिथूनच माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन सलग तीन पेले पाणी प्यायले.

२१ मार्च

ठरवलं — जायचं! गेले. काउंटर पुसला. मालक आले, माझ्याकडे न बघता फ्रेमा मोजल्यासारखं करत बसले. संध्याकाळी भिंतीकडे बघून म्हणाले, "हॉल मंडळाला मिळणार नाही. दुकान वेळेवर उघडायचं."

म्हणजे नोकरी आहे! भिंतीला म्हटलं, "बरं."

२३ मार्च

सकाळी दाराची बेल. बघते तर कॅशियर. चेहरा घासून घासून सोललेल्या बटाट्यासारखा झालेला, कानामागे मात्र अजून काळं! म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मला हवंसं वाटलं. मुख्य काम ना! मग घरी आरशात पाहिलं. लाज वाटली. मी सरांना नाही म्हणून आलो."

सासूबाईंनी त्याला बसवून घेतलं, तेल आणि कापूस आणला आणि त्याचे कान पुसत बसल्या. तो मुकाट्याने मान वाकवून! आईच्या हाती सापडलेल्या पोरासारखा!

मागोमाग सर. ते आले ते उभेच राहिले. "मी आयुष्यभर मुलांना रंग शिकवले," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "हॉल गेला तर गेला. माझं गॅरेज आहे. स्कूटर बाहेर काढतो. आणि गाडीवान मेकॅनिकच करेल."

मी इतकी हरखले, की साखरेच्या डब्यातून चहात दोनदा साखर घातली. प्यायले सगळे.

२५ मार्च

गॅरेजमधली पहिली तालीम. ग्रीसचा वास, भिंतीवर जुनी टायरं. कोर्ट म्हणून सरांचं जेवणाचं टेबल. सासूबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या आणि दर वाक्याला मोठ्यांदा "वा!" म्हणाल्या. साक्षीचा प्रवेश जमला! पहिल्यांदाच आवाज थरथरला नाही. सर म्हणाले, "आता कळलं ही बाई कशी उभी राहत असेल ते."

मेकॅनिक मात्र आला नव्हता. कुणीतरी त्याला सांगायला हवं ना! सर म्हणाले, "तुम्हीच जा. तुमच्यामुळे झालं हे."

कुणी असं म्हटलं की छाती फुगतेच. फुगली.

२७ मार्च

दुपारच्या सुट्टीत गेले. मेकॅनिक काम करत होता त्या शहरातल्या उंच काचेच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. दार उघडं, आणि आतून त्याची शीळ! डोकावले तर तो खाली खड्ड्यात, कोपरापर्यंत तेल.

म्हटलं, "अहो, गाडीवानाचं काम परत तुमचंच झालं! आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं."

त्याने वर पाहिलं. हात पुसले. किती वेळ पुसत होता! मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही बोललात. माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना जेवायला बोलवा."

"मग येताय ना तालमीला?"

"परवा येतो. थोडं बोलायचंय."

बिचारा लाजला असणार. परतताना रस्ताभर साक्ष म्हणत आले. एका बाईने मला वळून पाहिलं. बघू दे!

२९ मार्च

मेकॅनिक आला. मी गाडीवानाचे कागद पुढे केले. त्याने घेतले नाहीत.

"ताई, हे काम मला पहिल्या दिवशीही नको होतं. दुकानात शिरलो, जिन्यात कुणी भेटलं, की लोक मला आधी आरोपीच समजतात. संध्याकाळी पुन्हा तेच कशाला? मला न्यायाधीश करायचाय. शेवटी त्याला एक शब्द आहे — 'निर्दोष'. तो मला म्हणायचाय."

सरांनी उठून खुर्ची रिकामी केली. कॅशियरने कागद उचलले. "मी करतो गाडीवान. रंग न लावता."

एवढं भांडले मी त्याच्यासाठी! त्याला काय हवंय, ते मात्र विचारलंच नव्हतं.