पायथ्याचा खांब

प्रिय भिंगरी,

लाकूड कातायच्या गरगरत्या लेथपासून तू हलायची नाहीस म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं, आणि माझं तोंड बंद व्हायचं नाही म्हणून मला ‘कर्णा’. परवा कारखान्याच्या फाटकापुढे दीड तास बोललो. खोटारड्या मालकांची सालटी काढली, टाळ्या थांबेनात. मंचावरून उतरताना कठड्याला हात लावला, तो डगमगला, आणि मी तिथेच वाकून त्याचा पायथा तपासला.

आठवतं, बाबांनी आपल्याला लाकडी जिना करायला कसं शिकवलं? कठड्यातले लेथवर कातलेले बारीक गज तुझ्याकडे, पायथ्याचा जाड खांब माझ्याकडे. हिला नक्षी आणि मला ओंडका का, म्हणून मी रुसलो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, ‘अरे कर्ण्या, गज माणसाला फटीतून पडू देत नाहीत, वरच्या दांड्याला टेकू देतात. पण अख्खा कठडा धरून ठेवतो तो खांब. गज सैल झाला तर खडखडेल. खांब सुटला तर सगळंच गेलं.’ म्हणून खांबाचं बूड फळ्यांखाली उतरवायचं आणि तुळईला बोल्टने आवळायचं.

आपल्या घरचा जिना आपण दोघांनी केला, त्या दिवशी पाचला माझी सभा होती. आयुष्यातली पहिली! फळ्या उचकटायला वेळ नव्हता. मी खांब पहिल्या पायरीवर नुसता उभा केला, चार खिळे ठोकले, फटी लांबीने बुजवून पॉलिश मारलं आणि पळालो. वर्षभराने बाबा त्याच कठड्यासकट खाली आले. सगळ्यांना दिसले ते जमिनीवर विखुरलेले तुझे गज. आत्या म्हणाली, ‘पोरीच्या हातचं काम, दुसरं काय होणार?’ बाबा तुझी बाजू घेत म्हणाले, ‘शिकेल हळूहळू.’ ते तुला जास्त लागलं. मी मान खाली घालून गज गोळा केले. सतरा होते. एकही मोडला नव्हता, भिंगरी. खांब मात्र मी मागच्या शेडमध्ये नेऊन फोडला आणि जळणात घातला.

अकरा वर्षं मी जगाला जाब विचारत हिंडलो. आज सकाळी बाबांचं पत्र आलं. ग्रंथालयाच्या जिन्याचं काम आपणहून तुझ्याकडे चालून आलं होतं आणि ‘माझे गज टिकत नाहीत’ म्हणून तू ते परत पाठवलंस, असं त्यांनी लिहिलंय. तेवढ्यासाठी हे पत्र. इतकी वर्षं तू नुसती स्टुलं करत बसलीस ती माझ्या चार खिळ्यांपायी. जिना घे. गज तूच कर, खांबही तूच बसव. मी शेजारी बसून बोल्ट आवळायचे पाने देत राहीन. आणि हे पत्र बाबांना, आत्यालाही, मोठ्याने वाचून दाखव. तुझा आवाज बारीक आहे, पण याला कर्णा लागत नाही.

अजूनही दादा म्हणशील या आशेवर,
तुझाच,
कर्णा