फॉन्ट घ्यायचा राहिला

सर, यंदाच्या जत्रेत तुमचं नाटक करायचं असं गावाने ठरवलं आणि ते माझ्याच हातून जवळजवळ नाहीसं झालं. तुमच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत केव्हाच संपली होती. प्रत्येक पात्राला आपापली नक्कल हवी म्हणून पानं वाटली गेली, आणि ती कोणाच्या माळ्यावर गेली, कोणाच्या चुलीत, देव जाणे. राहिली ती एकच प्रत, तुम्ही जाण्याआधी, हिंडतेफिरते असताना मी कॉम्प्युटरवर उतरवलेली. मशीन बदललं तसं मी ते नाटक एका मशीनवरून दुसऱ्यावर नेत आलो. पेडण्यात मराठी टायपिंगची कामं आता माझ्याकडे फारशी येत नाहीत, जो तो मोबाईलवर लिहितो. पण सरांचं नाटक माझ्याकडे आहे, एवढा मान अजून होता.

झालं असं की घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. सुरू केला की माझा चहा पिऊन व्हायचा तरी तो जागा होत नसे. नवी सिस्टीम त्याच्यावर चढेना आणि जुनी कोणी सांभाळेना. तेव्हा मी लिनक्स घालायचं ठरवलं. ही सिस्टीम फुकट मिळते, तिच्यावर कोणाची एकट्याची मालकी नाही, आणि आत काय आहे ते बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आहे. मला हे पटलं. मीही तसाच शिकलो, उघडून बघत. मुलगी म्हापशाला असल्याच कामात आहे, ती म्हणाली, "बाबा, आयतवारी मी येतंय, तोपर्यंत थांबा." मी थांबलो नाही. ती कशी घालायची त्याचं एकेक पान वाचून, पेन ड्राईव्ह तयार करून, सगळ्या फाईली बाहेर काढून, त्या शेजाऱ्याच्या मशीनवर मोजून मगच जुनी डिस्क पुसली. सुरुवातीलाच नव्या सिस्टीमने भाषा विचारली. यादीत कोंकणी होती आणि मराठीही होती, शेजारीपाजारी असावेत तशी. गोव्याची भाषा कोंकणी की मराठी, त्या भांडणात तुम्ही किती जणांशी बोलणं सोडलं होतं ते आठवलं आणि उगाच दमल्यासारखं झालं. मी मराठीवर टिचकी मारली. ज्या भाषेत घरी बोलतो ती वर राहिली.

सिस्टीम छान बसली. तुमची फाईल उघडली तर आत नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. पानंच्या पानं, अर्थ नसलेली. मी फाईली सगळ्या घेतल्या होत्या, फॉन्ट घ्यायचा राहिला होता. तो फार पूर्वी एका छापखानेवाल्याकडून फ्लॉपीवर आणलेला, त्याचं नावही धड आठवेना. मराठी त्या फाईलमध्ये कधी नव्हतीच, सर. ती फॉन्टात होती, आणि फॉन्ट मी पुसला होता.

बायकोने मागून बघितलं. "चलता त्या मशिनाक हात लावूक तुमका कोणी सांगलेला?" एवढंच बोलली आणि आत गेली. संध्याकाळी नाटकात बापाचं काम करणारा आला. दिवसभर टेम्पो चालवतो, रात्री तालमीला उभा राहतो. मी म्हटलं, जरा अडचण आहे. तो दारातच बसला. "मास्तर, नाटक जात्रेक होया, शिमग्याक नको. मिया अजून दाढी वाढवतंय त्या बापासाठी." हसून बोलला, पण जाताना हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कचरा बघत बसलो, आणि बोटं हळूच टेबलावर हलायला लागली. पोदेराच्या भट्टीवरचा तुमचा टायपिंगचा क्लास. खालून पावाचा वास येतोय, टाईपरायटर खडखडतायत, माझ्या हातांवर तुम्ही पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलंय, कळा दिसू नयेत म्हणून. मी खोक्याखाली डोकावतो. तुम्ही मागून म्हणता, "काय शोधतोस? तुझी बोटं आतच आहेत." सगळे हसतात. महिनाभर मला ते खोकं शिक्षेसारखं वाटलं, आणि मग एके दिवशी ते तिथे आहे हेच विसरलो.

त्या जुन्या फॉन्टाने एवढंच केलं होतं, की तुमच्या टाईपरायटरवर जी अक्षरं जिथे होती तिथेच कॉम्प्युटरच्या कळांवर बसवली होती. म्हणजे कचऱ्यात इंग्रजी ई दिसली की तिथे तुमचा म, जे दिसला की र. लिनक्सवर टाईपरायटरची ती जुनी रचना शोधून काढली, ती होती, कोणीतरी माझ्यासारख्याने केलेली असणार. मग समोर कचरा ठेवून तो जसाच्या तसा टाईप करायला लागलो, आणि दुसऱ्या खिडकीत मराठी उमटू लागली. पहिली वेलांटी तेवढी भलत्या जागी बसायची, ती हाताने सरळ केली. पाठ मोडून गेली, डोळ्यांतून पाणी यायचं, पण दोन अंक बाहेर आले. आता बोटं पूर्वीसारखी राहिली नाहीत, सर. संध्याकाळी घास करायलाही वळत नाहीत.

रविवारी मुलगी आली. मी मोठ्या ऐटीत तिला दाखवलं. पान वरखाली सरकवून ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ह्याका कन्व्हर्टर असता." तिने तिन्ही अंक त्या अक्षरं बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातले. माझा चहा निवायच्या आत नाटक तयार. नंतर तिने माझे दोन अंक आणि तिचे दोन अंक शेजारी लावले. वेलांट्या सोडल्या तर यंत्राच्या चुका नव्हत्या. माझ्या होत्या, आणि बोटांच्या नव्हत्या. वाक्य कुठे चाललंय हे कळलं की मी समोरचं बघणं सोडून पुढचं माझ्या मनाने लिहीत होतो.

मी एकेक दुरुस्त केली, तुमचंच ठेवलं. गावाला वाटतं सगळं मी टाईप केलं. मुलीने काही सांगितलं नाही, मीही नाही. जत्रेच्या आदल्या तालमीला मागे बसून ऐकलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप उंबऱ्यापाशी येतो, तिथे तुम्ही लिहिलंय, "या संसाराच्या असह्य यातनांतून मला आता मुक्ती हवी आहे." टेम्पोवाला ते म्हणालाच नाही. तो दाढी कुरवाळत म्हणाला, "थकलो रे. जरा बसतो." आणि बसला. पडवीतली माणसं पुढे सरकून बघू लागली.

हे पत्र हाताने लिहिलंय आणि ते माझ्याजवळच राहील. बापाचं तेवढं एक वाक्य मी दुरुस्त केलं नाही, सर. तुमचं भारदस्त होतं. माझं बरं आहे.